वर्ड-एक्सेलचा टूलबार आपल्या कामाप्रमाणे लावायचाय? मग या क्रमानेच करा

पुण्यात कुठल्याही सोसायटीच्या ऑफिसात जा, सीएकडे जा, नाहीतर अप्पा बळवंत चौकातल्या डीटीपीवाल्याकडे जा, एक्सेल नाहीतर वर्ड उघडलेलं असतंच आणि समोरचा माणूस त्याच चार-पाच कामांसाठी होम, मग डेटा, मग व्ह्यू, परत होम असं दिवसभर फिरत असतो. मग कोणीतरी त्याला सांगतं की अहो वर स्वतःची बटणं लावता येतात. उत्साहाच्या भरात पंचवीस-तीस बटणं टाकली जातात, आठवड्यात त्यातलं हवं ते एकही पटकन सापडेनासं होतं, आणि शेवटी वैतागून सगळं रिसेट मारून माणूस परत पहिल्यासारखा फिरायला लागतो. हे मी इतक्या ठिकाणी बघितलंय की आता नीट लिहूनच काढायचं ठरवलं. चूक बटणं लावण्यात नसते, ती क्रमात असते. लोक शेवटची पायरी आधी करतात.

खाली सांगितलेलं सगळं विंडोजवर बसवलेल्या एक्सेल आणि वर्डसाठी आहे, ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या एक्सेलमध्ये यातलं बरंचसं मिळत नाही. लिब्रेऑफिस वापरणाऱ्यांसाठी शेवटी वेगळा भाग आहे. मेन्यूंची नावं इंग्रजी स्क्रीनवर वाचता येतील तशीच दिली आहेत.

१. आधी कागद, मग माउस

कीबोर्डच्या बाजूला एक कोरा कागद ठेवा आणि दोन दिवस नेहमीसारखं काम करा. ज्या ज्या वेळी एखाद्या गोष्टीसाठी टॅब बदलावा लागला किंवा मेन्यूच्या आत मेन्यू उघडावा लागला त्या वेळी त्या कमांडचं नाव लिहा, परत लागली की त्यापुढे रेघ मारा. बस एवढंच. ही पायरी नव्वद टक्के लोक सोडतात कारण त्यांना वाटतं आपल्याला काय लागतं ते आपल्याला माहीतच आहे, पण हाताला सवय झालेली असते आणि डोक्याला पत्ता नसतो. कागदावर भलतंच काहीतरी वर येतं.

दोन दिवस कुठले निवडता तेही बघा. सोसायटीच्या ऑफिसात मेंटेनन्सची बिलं काढायचे दिवस वेगळे आणि मधले दिवस वेगळे, मधल्या दिवसांत यादी केलीत तर प्रिंटच्या कमांड त्यात येणारच नाहीत. आणि ३० सप्टेंबरच्या आत सोसायटीची एजीएम, म्हणजे वार्षिक सर्वसाधारण सभा, घ्यायची म्हणून नोटिसा, अहवाल, हिशेब असं सगळं एकदम अंगावर आलेलं असताना यादी जरूर करा, पण टूलबारला हात लावू नका, गर्दी ओसरली की लावा.

यादी झाली की त्यातल्या दोन गोष्टी खोडायच्या. एक म्हणजे ज्याचा शॉर्टकट तुम्ही आत्ता खरोखर दाबता ते, कॉपी, सेव्ह वगैरे. प्रिंट प्रिव्ह्यूसुद्धा यातच, कंट्रोल आणि पी दाबलं की तो येतोच, त्यासाठी बटण कशाला. दुसरं म्हणजे दोन दिवसांत एकदाच लागलेलं. मात्र शॉर्टकट नुसता माहीत आहे पण दाबत नाही, अशी कमांड खोडू नका. ती बटण म्हणूनच उपयोगी पडेल.

तपासा: यादीत सात-आठच्या वर नावं उरली असतील तर परत खोडा. पहिल्या फेरीत एवढीच.

२. बदलायच्या आधीची तयारी

आधी बघा की तुम्ही कुठल्या लॉगिनमध्ये बसलाय. ही सगळी सेटिंग विंडोजच्या लॉगिनला चिकटलेली असते. सकाळी एक क्लार्क आणि संध्याकाळी दुसरे काका एकाच लॉगिनवर बसत असतील तर तुम्ही केलेला बदल त्यांनाही दिसणार, त्यांना आधी सांगा, नाहीतर संध्याकाळी फोन येतो की एक्सेल बिघडलं.

मग बॅकअप. फाइल, ऑप्शन्स, तिथं डावीकडे क्विक ॲक्सेस टूलबार (स्वतःची बटणं जिथं लागतात ती पट्टी), आणि त्या पानावर खाली इम्पोर्ट-एक्सपोर्ट असं बटण आहे. त्यातून एक्सपोर्ट ऑल कस्टमायझेशन्स निवडा आणि फाइलला तारखेसकट नाव द्या, उदाहरणार्थ ‘एक्सेल आधीचं’ आणि पुढे तारीख. आत्तापर्यंत काहीच बदललेलं नसलं तरी हे करा, दोन मिनिटांचं काम आहे. एक्सेलची आणि वर्डची फाइल वेगवेगळी निघते, एकीची दुसरीत चालत नाही.

आणखी एक गोष्ट, जी मराठी टाइप करणाऱ्यांनाच आडवी येते. कीबोर्ड इंग्रजीवर आणा, विंडोज की आणि स्पेसबार दाबून. पुढे कमांडची यादी खूप लांबलचक आहे आणि तिला सर्चचा चौकोन नाही, अक्षर दाबलं की त्या अक्षरापासून सुरू होणाऱ्या कमांडवर ती उडी मारते. मराठी कीबोर्ड चालू राहिला तर ‘पी’च्या जागी भलतंच अक्षर जातं, यादी जागची हलत नाही आणि माणूस स्क्रोल करून करून दमतो.

३. टूलबार दिसायला लावा आणि रिबनच्या खाली आणा

नवीन मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये क्विक ॲक्सेस टूलबार बऱ्याचदा लपवलेलाच असतो. रिबनवर, म्हणजे होम, डेटा असे टॅब असलेल्या वरच्या रुंद पट्टीवर, कुठेही राइट क्लिक करा, शो क्विक ॲक्सेस टूलबार दिसेल. आधीच दिसत असेल तर तिथं हाइड असं लिहिलेलं असतं, मग हात लावू नका. त्यानंतर परत राइट क्लिक करून शो बिलो द रिबन निवडा. खाली का, तर वरच्या टायटलच्या पट्टीत फाइलचं नाव, सर्च, तुमचं नाव असं सगळं कोंबलेलं असतं, बटणांना जागाच उरत नाही आणि माउसही लांब न्यावा लागतो.

३६५ मध्ये टूलबार खाली आणला की बटणांची नावं दाखवायचा पर्यायही मिळतो, ऑलवेज शो कमांड लेबल्स. ज्येष्ठ सभासद किंवा नवीन माणूस त्या मशीनवर बसत असेल तर हा चालू ठेवा, नुसत्या चित्रावरून ओळखणं त्यांना जड जातं. नावांना जागा जास्त लागते हे मात्र धरून चाला, टूलबारला ओळ एकच असते, ती भरली की उरलेली बटणं टोकाच्या बाणाआड जातात आणि तिथं गेलेलं बटण असून नसल्यासारखं.

४. बटणं टाकणं

दोन रस्ते आहेत. सोपा रस्ता म्हणजे रिबनवर ती कमांड जिथं दिसते तिथं राइट क्लिक आणि ॲड टू क्विक ॲक्सेस टूलबार. जे रिबनवर उघड दिसतं ते याच रस्त्याने टाका, चूक व्हायची शक्यताच नाही.

दुसरा रस्ता ऑप्शन्समधून. डावीकडच्या यादीवर चूज कमांड्स फ्रॉम असं असतं, तिथं सुरुवातीला फक्त पॉप्युलर कमांड्स दिसतात आणि हवं ते त्यात नसलं की लोक समजतात की असं बटणच नाही. ती बदलून ऑल कमांड्स करा. किंवा कमांड्स नॉट इन द रिबन करून एकदा सगळी यादी नुसती वाचा, त्यात चांगल्या गोष्टी दडलेल्या आहेत.

त्यातली मला सगळ्यात कामाची वाटते ती ऑटोफिल्टर. नेहमीच्या फिल्टरमध्ये बाण उघडा, सगळ्यांच्या टिका काढा, हवी ती टिक लावा, ओके, एवढं करावं लागतं. या बटणाने काय होतं, समजा सभासदांच्या यादीत विंगचा कॉलम आहे, त्यातल्या ‘बी’ लिहिलेल्या कुठल्याही एका सेलवर क्लिक करा, बटण दाबा, बी विंगच्याच ओळी उरतात. मग थकबाकीच्या कॉलममध्ये जाऊन तिथंही तेच. यादीत फिल्टर आणि ऑटोफिल्टर ही दोन्ही नावं आहेत, दुसरं घ्यायचं.

दुसरं बटण पेस्ट व्हॅल्यूज. मागच्या वर्षीच्या फाइलमधून थकबाकीचा कॉलम उचलून या वर्षीच्या फाइलमध्ये साधा पेस्ट केला की आकड्याबरोबर फॉर्म्युलाही येतो, तो फॉर्म्युला दुसऱ्या शीटकडे बघत असेल तर नवीन फाइल जुन्या फाइलला जोडली जाते, आणि मग दर वेळी उघडताना लिंक्स अपडेट करायच्या का म्हणून विचारत बसते. सगळा घोळ इथून सुरू होतो. आकडा हवा असेल तर आकडाच पेस्ट करा. नवीन एक्सेलमध्ये यासाठी कंट्रोल, शिफ्ट आणि व्ही चालतं, तुमच्याकडे चालत असेल आणि हाताला बसलं असेल तर बटणाची जागा वाचली.

सिलेक्ट व्हिजिबल सेल्स हे तिसरं. फिल्टर न लावता हाताने लपवलेल्या ओळी असतील किंवा ग्रुप करून मिटलेल्या असतील तर कॉपी करताना त्याही बरोबर येतात, आणि बँकेत द्यायच्या यादीत नको ती नावं जातात. कॉपीच्या आधी हे बटण दाबलं की फक्त दिसणाऱ्या ओळी निवडल्या जातात.

वर्डमध्ये फॉरमॅट पेंटर, नॅव्हिगेशन पेन आणि क्लिअर ऑल फॉरमॅटिंग ही माझ्या मते पहिली तीन. व्हॉट्सॲपवरून, ईमेलवरून तुकडे आणून मिटिंगचं इतिवृत्त जोडणाऱ्यांना शेवटचं फार लागतं. फक्त बाहेरून आणलेलाच भाग सिलेक्ट करून दाबा, सगळं डॉक्युमेंट सिलेक्ट करून दाबलंत तर तुमच्या हेडिंग्जही साध्या होऊन बसतील.

आता या पायरीवर होणाऱ्या चुका, इथं जरा थांबून वाचा.

सारख्या नावाच्या कमांड. यादीत क्लिअर या नावाने एकापेक्षा जास्त गोष्टी आहेत, डेटा टॅबवरचं क्लिअर नुसता फिल्टर काढतं आणि होम टॅबवरच्या क्लिअरमधून तर सेलमधला मजकूरच उडवता येतो. फरक कसा कळणार, तर यादीतल्या नावावर माउस नुसता धरून ठेवा, ती कमांड कुठल्या टॅबवरची, कुठल्या ग्रुपमधली ते छोट्या चौकोनात दिसतं. न वाचता ॲड करायचं नाही.

नावापुढचा बाण. यादीत काही नावांच्या उजवीकडे छोटा बाण असतो, म्हणजे ते बटण दाबल्यावर अजून एक मेन्यू उघडणार. बिनबाणाचं लगेच काम करतं. एकाच नावाची दोन्ही दिसत असतील तर बिनबाणाचं घ्या, क्लिक वाचवायला तर हे सगळं चाललंय.

फाइलपुरता टूलबार. उजवीकडच्या यादीच्या वर फॉर ऑल डॉक्युमेंट्स असं लिहिलेलं असतं, ते तसंच राहू द्या. तिथं चुकून उघडलेल्या फाइलचं नाव निवडलं गेलं की बटणं त्या एका फाइलपुरतीच राहतात, दुसरी फाइल उघडली की गायब. ‘मी लावली होती हो, गेली’ या तक्रारीमागे मी पहिल्यांदा हेच तपासतो.

सावधान: क्विक प्रिंट हे बटण काहीही न विचारता थेट डीफॉल्ट प्रिंटरवर पानं सोडतं. प्रिंट एरिया, म्हणजे शीटचा किती भाग छापायचा ते, न ठरवलेली लांबरुंद शीट असेल तर कागदाची थप्पी बाहेर येते आणि एका ओळीचे तीन तुकडे तीन पानांवर. हे बटण शक्यतो टाकू नका, त्यापेक्षा सेट प्रिंट एरिया टाका. टाकायचंच असेल तर सेव्हच्या शेजारी अजिबात नको.

५. क्रम लावा, आणि मग तो हलवू नका

सगळ्यात जास्त फायदा या पायरीत आहे आणि ती कोणी करतच नाही. ऑल्ट की एकदा दाबून सोडा, टूलबारवरच्या बटणांवर १, २, ३ असे आकडे उमटतात. म्हणजे तुमचं पहिलं बटण ऑल्ट आणि १, दुसरं ऑल्ट आणि २. पहिल्या नऊ बटणांना एकेकच आकडा असतो, दहाव्यापासून दोन-दोन की दाबाव्या लागतात. म्हणून सात-आठच बटणं म्हणत होतो.

कागदावरच्या रेघा बघा. सगळ्यात जास्त रेघा असलेली कमांड पहिली, मग दुसरी, याप्रमाणे ऑप्शन्सच्या उजव्या यादीत वर-खाली बाणांनी लावा. डाव्या हाताला १ ते ४ सहज पोचतात, उजवा हात माउसवरच राहतो, त्यामुळे खरी कामाची चार बटणं याच जागांवर बसवा. डावीकडच्या यादीत सगळ्यात वर सेपरेटर, म्हणजे बटणांमधली उभी रेघ, असतो, धोक्याचं बटण असेल तर ते शेवटी आणि त्याआधी एक सेपरेटर.

तपासा: ओके करून बाहेर या, ऑल्ट दाबा आणि कुठला आकडा कुठल्या बटणावर आलाय ते डोळ्यांनी बघा. ऑटोसेव्ह किंवा सेव्ह आधीपासून पुढे बसलेलं असेल तर तुमचं ‘पहिलं’ बटण दुसऱ्या-तिसऱ्या आकड्यावर सरकलेलं असू शकतं. नको असलेलं पुढचं बटण काढून टाका, मगच आकडे पाठ करा.

एकदा हाताला बसलं की मधे नवीन बटण घुसवायचं नाही. मधे घातलं की पुढच्या सगळ्यांचे आकडे बदलतात, आणि हात सवयीने ऑल्ट आणि ३ दाबतो तेव्हा दुसरंच काहीतरी होतं. नवीन बटण कायम शेवटी टाका.

६. आठवडाभर वापरा, मगच पुढे

या आठवड्यात काहीही वाढवायचं नाही. जे बटण आठवडाभरात लागलं नाही ते त्याच्यावर राइट क्लिक करून रिमूव्ह करा. काढल्याने कमांड जात नाही, ती रिबनवर आपल्या जागी असतेच, त्यामुळे जीव अडकवायचं काही कारण नाही.

७. स्वतःचा रिबन टॅब, लागलाच तर

सात-आठ बटणांत भागत नाही, दर महिन्याच्या बिलांसाठी पंधरा कमांड लागतात, मॅक्रो (एका दाबात आपोआप होणारी, आधी लिहून ठेवलेली कामं) आहेत, असं असेल तर ते टूलबारवर कोंबण्यापेक्षा वेगळा टॅब करा. फाइल, ऑप्शन्स, कस्टमाइझ रिबन. इथं क्रम असा, आधी न्यू टॅब, त्याच्यात आपोआप एक न्यू ग्रुप येतो, दोघांना रीनेम करा, मग तो ग्रुप सिलेक्ट करून त्यात कमांड ॲड करा.

लोक थेट होम टॅबवरच्या फॉन्ट वगैरे ग्रुपमध्ये कमांड टाकायला जातात आणि मेसेज येतो की कमांड कस्टम ग्रुपमध्येच टाकता येतात. कॉम्प्युटर बिघडलेला नाही, नियमच तसा आहे. मूळ ग्रुपमधून एखादंच बटण काढताही येत नाही, काढायचा तर अख्खा ग्रुप निघतो, आणि मूळ टॅब काढता येत नाही, नुसती टिक काढून लपवता येतो.

ग्रुपची नावं कामावरून ठेवा, ‘बिलं’, ‘थकबाकी’, ‘प्रिंट’ अशी, मराठीत चालतात. दोन मॅक्रो टाकले तर दोघांना एकच चित्र येतं, रीनेम करताना चित्र बदलून घ्या, नाहीतर बिलं काढायच्या जागी भलतंच चालवून बसाल. नावं लांब झाल्यामुळे ग्रुप पसरत असेल तर त्याच यादीत ग्रुपवर राइट क्लिक करून हाइड कमांड लेबल्स.

८. दुसऱ्या मशीनवर न्यायचं असेल तर

परत एक्सपोर्ट, नवीन तारखेने. दुसऱ्या मशीनवर त्याच पानावरून इम्पोर्ट. पण इम्पोर्ट केलं की तिथला आधीचा टूलबार आणि रिबनवरचे बदल दोन्ही पुसले जातात आणि तुमचे बसतात, दोन्ही एकत्र होत नाहीत. म्हणून समोरच्याचं आधी एक्सपोर्ट करून ठेवायचं, त्याला विचारून. आणि मॅक्रोचं बटण गेलं म्हणजे मॅक्रो गेला असं नाही, ज्या फाइलमध्ये मॅक्रो लिहिलाय ती फाइलही तिकडे न्यावी लागते, नाहीतर बटण दिसतं आणि दाबलं की मॅक्रो सापडत नाही असं येतं.

लिब्रेऑफिसवाल्यांसाठी

इथं पहिली चूक वेगळीच असते. व्ह्यू मेन्यूत यूजर इंटरफेस उघडा आणि स्टँडर्ड टूलबार निवडलंय का बघा. टॅब्ड ठेवून टूल्स, कस्टमाइझ, टूलबार्स यात कितीही बदल केले तरी स्क्रीनवर काही दिसत नाही, कारण ते टूलबारच त्या वेळी समोर नसतात.

नुसतं असलेलं बटण दाखवायचं-लपवायचं असेल तर टूलबारवर राइट क्लिक, व्हिजिबल बटन्स, टिक. बऱ्याच जणांचं एवढ्यावरच भागतं. नवीन कमांड टाकायची असेल तर कस्टमाइझच्या खिडकीत दोन चौकोन आधी वाचा. स्कोप म्हणजे हा बदल सगळीकडे की या फाइलपुरता, आणि टार्गेट म्हणजे कुठल्या टूलबारवर. टार्गेट न बघता ॲड केलं की बटण तिसऱ्याच टूलबारवर जातं, आणि तो टूलबार बंद असेल तर शोधत बसा. मी तर सांगेन की मूळ स्टँडर्ड टूलबारला हात न लावता स्वतःच्या नावाचा नवीन टूलबार तयार करून त्यातच सगळं टाका, काही बिघडलं तर तेवढाच काढता येतो. इथं कमांडच्या यादीला सर्च आहे ही मोठी सोय. रायटर, कॅल्क, इम्प्रेस यांचे टूलबार वेगळे, एकात केलेलं दुसऱ्यात येत नाही.

जागा ठरली की राइट क्लिक करून लॉक टूलबार पोझिशन करा, नाहीतर कोणाच्या तरी माउसने टूलबार ओढला जाऊन शीटच्या मधोमध तरंगत बसतो. बॅकअपसाठी लिब्रेऑफिस पूर्ण बंद करून यूजर प्रोफाइलचा फोल्डर कॉपी करून ठेवा. विंडोजमध्ये तो ॲपडेटातल्या रोमिंगमध्ये, लिब्रेऑफिस, त्यात ४, त्यात यूजर असा असतो. ॲपडेटा लपवलेला फोल्डर आहे, हिडन आयटम्स दाखवायला लावा.

टूलबार गेला, रिबन गेली, आता?

रिसेट मारायच्या आधी एक्सेल-वर्डमध्ये कंट्रोल आणि एफ१ दाबून बघा. टॅबच्या नावावर चुकून डबल क्लिक झालं तरी रिबन मिटते आणि याने ती परत येते. टूलबार नसेल तर रिबनच्या जागी राइट क्लिक करून शो. बटणं एकाच फाइलमध्ये दिसतात आणि बाकीकडे नाहीत, तर वर सांगितलेलं फॉर ऑल डॉक्युमेंट्स बघा. यातल्या कशानेही नाही आलं तर पायरी २ किंवा ८ ची एक्सपोर्ट केलेली फाइल इम्पोर्ट करा.

रिसेट सगळ्यात शेवटी. तिथंही दोन पर्याय असतात, एक फक्त क्विक ॲक्सेस टूलबार मूळ रूपात आणतो आणि दुसरा, रिसेट ऑल कस्टमायझेशन्स, तुमचा मेहनतीने केलेला रिबन टॅबही उडवतो. टूलबारचीच गडबड असेल तर पहिलाच घ्या. लिब्रेऑफिसमध्ये हेल्प मेन्यूतून रिस्टार्ट इन सेफ मोड करा, तिथं रिसेट टू फॅक्टरी सेटिंग्जमध्ये फक्त सेटिंग आणि इंटरफेसचे बदल काढायचा वेगळा पर्याय आहे, त्यावर टिक करा. त्याच्या खालचा अख्खं प्रोफाइल पुसणारा पर्याय निवडलात तर ऑटोकरेक्टमध्ये भरलेले मराठी शब्द आणि तुमची टेम्प्लेट्सही जातील, त्यामुळे प्रोफाइलच्या फोल्डरची कॉपी हाताशी नसेल तर त्याला हात लावू नका.